शेवटच्या नंबरचा कागद

आमचे इंग्रजीचे सर कधीच कुणाला मारत नसत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं की त्या काळचे मास्तर तसलेच, छडीवाले. छडीवाले होतेच शाळेत. गणिताच्या मास्तरांनी एका पोराच्या कानाखाली अशी वाजवली होती की पुढे जन्मभर तो मान वाकडी करून, एक कान पुढे काढून ऐकायचा. पण त्यांच्या हातचा मार खाल्लेली पोरं म्हातारपणी त्यांची आठवण काढून हसतात. इंग्रजीच्या सरांची आठवण काढून मी अजून एकदाही हसलेली नाही.

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, जंगलासकट सगळा चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर. बाबा जंगलखात्यात नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलातून बाहेर पडणारं सागवान, बांबू, बायकांच्या डोक्यावरची मोळीसुद्धा तपासणारा माणूस. त्यांची बदली झाली की आमचा संसार बैलगाडीत. त्या वर्षी दिवाळीनंतर ते नागभीडहून वैनगंगेच्या अलीकडच्या, सावली या मोठ्या गावाच्या बाजूच्या एका गावी आले, आणि मी तिथल्या मॅट्रिकच्या वर्गात अर्ध्या वर्षात येऊन पडले. वर्गात पोरं तिसेक, मुली माझ्यासकट तीन. आम्ही मुली सुट्टीत एका रिकाम्या खोलीत बसायचो, तास सुरू झाला की सरांच्या मागोमाग वर्गात शिरायचो आणि सरांच्या मागोमागच बाहेर पडायचो. मेंढरं बरी, ती निदान वाटेत चरतात.

सर नागपूरहून बी.टी., म्हणजे मास्तरकीची पदवी, करून आलेले. परीटघडीचं धोतर, हळू आवाज, बोटांच्या टोकांना कायम जांभळी शाई. ती शाई त्यांचा मोठेपणा होता. आमच्याकडे इंग्रजीची पुस्तकं नागपूरहून यायची ती दिवाळीपर्यंत यायची नाहीत, कधी अजिबात यायची नाहीत. म्हणून सर धड्याचे कागद स्वतः तयार करत आणि स्वतः छापत. अशी सोय तेव्हा चांद्याच्या मोठ्या शाळेतही नव्हती. इन्स्पेक्टर आले की आधी सरांचा छापायचा ट्रे पाहायला जात, मग वर्ग.

कागद चांगले असत, हे मी नाकारत नाही. बैलगाडीचं चित्र आणि तिच्या एकेका भागाचं इंग्रजी नाव. आठवडी बाजारात धान विकणारा आणि घेणारा यांची घासाघीस, सगळी इंग्रजीत, मधे गाळलेल्या जागा. एखादा उतारा, खाली प्रश्न. नदीपलीकडे न गेलेल्या पोरांना लंडनच्या धुक्याचे धडे देण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं. माणूस शहाणा असला म्हणजे चांगला असतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

छापण्याची रीत सांगते, कारण माझं जे काही व्हायचं ते त्या रीतीतच झालं. पत्र्याचा एक उथळ ट्रे. त्यात सरस, साखर आणि ग्लिसरीन शिजवून ओतलेलं, थंड झालं की त्याची थलथलीत जेली बने. सरस जनावरांच्या हाडाकातड्याचा, म्हणून सरांच्या सोवळ्या घरात त्याला बंदी. तो शाळेतच शेगडीवर शिजायचा आणि त्या वासाने आख्खी शाळा नाक दाबून बसायची. सर खास जांभळ्या शाईने कागद लिहीत, तो जेलीवर पालथा घालून दाबत. कागद उचलला की अक्षरं जेलीवर उतरलेली, उलटी. मग एकेक कोरा कागद त्यावर अंथरायचा, हात फिरवायचा, उचलायचा. झाला छापा.

पण जेलीत शाई असते ती एवढीशीच. पहिला कागद पिकल्या जांभळासारखा गडद निघे. दहावा जरा फिका. विसाव्याला डोळे ताणावे लागत. शेवटचा कागद कुणी हातात दिला तर कोराच समजून त्यावर वाणसामान लिहून ठेवावं.

आता असे गडद आणि फिके कागद वर्गात वाटायचे कसे? दुसऱ्या कुणी बाकांप्रमाणे वाटले असते, किंवा आज इकडून तर उद्या तिकडून. सरांनी नंबराप्रमाणे वाटायचं ठरवलं होतं. मागच्या चाचणीत ज्याचा पहिला नंबर त्याला पहिला कागद, दुसऱ्याला दुसरा, असं थेट ढ पोरापर्यंत. दिसत नाही म्हटलं की सर हळू आवाजात म्हणत, "दिसेल एवढे मार्क मिळवा." हे वाक्य गावात फार आवडलं होतं. पारावर बसलेली माणसंसुद्धा ते एकमेकांना सांगायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तर जास्तच आवडायचं.

मी नवीन. मला नंबरच नव्हता. नंबर नाही म्हणजे शेवटचा नंबर, सरांनी सरळ निकाल लावला. नागभीडला मी इंग्रजीत पहिली यायची, दाखल्यावर तसा शेराही होता. सरांनी दाखला वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "इथले मार्क इथे." मग मी इथले मार्क मिळवायला बसले. पण चाचणीचा पेपरही त्याच ट्रेवर निघायचा आणि तोही मला शेवटचा मिळायचा. प्रश्न अर्धे दिसायचे, उत्तरं अर्धी लिहायची, मार्क अर्ध्याहून कमी पडायचे. की पुन्हा शेवटचा कागद. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फिके कागद उन्हात धरले की थोडं दिसायचं. म्हणून शेवटचे चारपाच नंबर व्हरांड्याच्या दारात उभे राहत, कागद आभाळाकडे करून. त्यांत मी एकटी मुलगी. पोरांनी आमचं नाव ठेवलं होतं वाळवण. सर वर्गात आले की पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "सर, वाळवण टाकून राह्यलो." सर हसत नसत. हसू येतंय आणि आवरतोय असं दाखवत, म्हणजे पोरं आणखी हसायची. आणि त्या उन्हात एक गंमत होती. ती जांभळी शाई उन्हाने उडायची. वाचायला म्हणून कागद उन्हात धरावा, तर तासाच्या अखेरीला होतं नव्हतं तेही अक्षर गेलेलं. आम्ही वाचत होतो त्याच्या जोडीने ऊनही वाचत होतं आणि ते आमच्याहून जलद होतं.

ट्रे धुण्याचं काम मात्र माझ्याकडे होतं. धुणं पुसणं मुलींचं काम. आधीच्या दोघी पहिल्या दहांत होत्या, म्हणून त्यांची सुटका झाली आणि ते माझ्यावर आलं. कोमट पाण्यात स्पंज बुडवून जेलीवरून हलका फिरवायचा, शाई निघून जाईपर्यंत. तसं केलं नाही तर जुनी शाई आत उतरते आणि जेली उन्हाळली, सैल झाली, की पुन्हा वर येते. परीक्षेचा पेपर असला की आधी सर स्वतः एक हात फिरवून अक्षरं मोडत, मग ट्रे माझ्याकडे येई.

आता घरचं. बाबांनी गोंडपिपरीकडचं एक स्थळ ठरवत आणलं होतं. धानाची शेती, घर कौलारू, मुलगा मॅट्रिकला दोनदा आपटून घरी बसलेला. त्याच्या आईची एकच अट होती. आमच्या पोराच्या वरची शिकलेली सून नको. बाबा तसे दिलेला शब्द पाळणारे. मी रडून, भांडून, दोन दिवस न जेवता त्यांच्याकडून एक शब्द मिळवला. शाळेनं मॅट्रिकला बसवलं तर लग्न नाही. मग नागपूरला नर्सचं शिक्षण, ते म्हणतील तसं राहीन, वर मान करून बोलणार नाही. आणि शाळेनं नाही बसवलं तर त्याच महिन्यात अक्षता.

"मंग रडाचं नाई," बाबा म्हणाले.

"नाही रडणार," मी म्हटलं.

बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा आपली स्वतःची परीक्षा घेई. तिला टेस्ट म्हणायचे. टेस्टमध्ये पास त्याचाच फॉर्म वर जायचा. माझे बाकीचे विषय नीट गेले होते. इंग्रजीचे दोन पेपर उरले होते, पहिला एका दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी. माझा सगळा जन्म त्या दोन जांभळ्या कागदांवर येऊन ठेपला होता, आणि त्यांतला माझा कागद शेवटचा असणार हे मला ठाऊक होतं.

शिमगा अजून लांब होता, पण चांद्याचं ऊन कॅलेंडर बघत नाही. शाळेला वर पत्रा. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी शाळा सुटताना शिपाई मला बोलवायला आला, ट्रे धुवायचा आहे म्हणून. मी स्पंज आणि पाणी घेऊन ट्रे ठेवायच्या कोठीच्या उंबरठ्यावर उभी राहिले. सरांनी दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे दुसरा पेपर आधी छापून घेतला होता, कारण तो आधी लिहून तयार होता. हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ट्रेवर फडकं आहे आणि सर फडक्याखाली बोट घालून जेली दाबून पाहताहेत. बोट आत रुतलं.

"राहू दे," सर म्हणाले. "आता पाणी लागलं तर सगळी फाटेल. रात्रीतून शाई तळाला जाईल. तू जा."

मी गेले. उंबरठ्याच्या आत माझं पाऊलही पडलं नव्हतं.

सकाळी सरांनी त्याच जेलीवर पहिला पेपर छापला. पहिल्या दहावीसांना गडद कागद मिळाले, त्यांना काही जाणवलं नसेल. माझ्या हातात आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे दारात जाऊन उन्हात धरला. ओळी दिसत होत्या. नेहमीपेक्षा जास्तच दिसत होत्या. दोन ओळींच्या मधे आणखी एक ओळ, थोडी तिरपी, तितकीच फिकी. प्रश्नांच्या मधे प्रश्न. मला वाटलं टेस्टचा पेपर आहे, कागद वाचवायला दाटीने लिहिला असेल. तरी मी विचारलं.

"सर, मधल्या ओळीपण सोडवायच्या का?"

सर पहिल्या बाकाशी उभे होते. मान वळवली नाही. "जे दिसतं ते सोडवा," ते म्हणाले. "दिसत नसेल त्यांनी गप्प बसावं."

वर्ग हसला. मी गप्प बसले आणि जे दिसलं ते सोडवलं.

त्या मधल्या ओळींमध्ये एक निबंध होता, रेल्वे स्टेशनवरच्या एका तासावर. माझं काय झालं म्हणून सांगू! नागभीडचं जंक्शन माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. छोट्या रुळांची गाडी, सागवानाने भरलेल्या वाघिणी, फलाटावर गाठोड्यांवर बसून राहिलेल्या बाया, गाडी बदलायला धावणारी माणसं, इंजिनाला पाणी पाजणारा तो काळा नळ. मी इंग्रजीत लिहीत होते आणि मला शब्द शोधावे लागत नव्हते. उभ्याने, दाराच्या चौकटीवर पुठ्ठा टेकवून, घाम पुसत मी तो निबंध लिहिला. आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं मी काही लिहिलेलं नाही. घंटा झाली तेव्हा मला वाटलं, झालं, सुटले मी. घरी जाऊन मायच्या गळ्यात पडले. माय म्हणाली, "येडी झाली का वो?" पण तीही हसत होती.

प्रश्नांचे कागद परत द्यावे लागायचे, पाठीमागची बाजू वापरायला. मीही दिला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरची घंटा झालीच नाही. शिपायाने मला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. हेडमास्तर खुर्चीत, सर बाजूला उभे, टेबलावर माझी उत्तरपत्रिका. आणि दारापाशी, टोपी हातात घेऊन, बाबा.

सर निबंध वाचत होते. हळू आवाजात, शब्द न शब्द. मी आत आले तरी थांबले नाहीत. शेवटपर्यंत वाचला. मला क्षणभर वाटलं की बक्षीस आहे. खरंच वाटलं.

मग ते हेडमास्तरांना म्हणाले, "हा निबंध आजच्या पेपरात होता, साहेब. हिने काल लिहिला. घरून तयार करून आणल्याशिवाय असा लिहिता येत नाही. ट्रे हीच धुते."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी बोलत सुटले. मधल्या ओळी होत्या, मी विचारलं होतं, सर्वांसमोर विचारलं होतं, माझा कागद बघा. सरांनी गठ्ठ्यातून तळाचा कागद काढला आणि खिडकीकडे धरला. तीन तास उन्हात भाजलेला कागद. पांढरास्वच्छ. एका कोपऱ्यात काहीतरी जांभळट होतं, तो माझ्या बोटाचा ठसा होता.

"कुठे आहेत ओळी?" सरांनी विचारलं.

हेडमास्तरांनी बाकीच्या वाळवणाला बोलावलं. एकेकाला विचारलं. तुमच्या कागदावर मधल्या ओळी होत्या? सगळे म्हणाले, आम्हाला नाही काही दिसलं. खोटं बोलले असंही मी म्हणत नाही. त्यांना कधीच काही दिसत नसे. कागद उन्हात धरून ते मनाने घरी जात. आणि मी विचारलं होतं ते? ते त्यांना आठवत होतं, पण कशाबद्दल विचारलं होतं हे कुणाला सांगता येईना. शिपाई म्हणाला, परवा सांजी ह्या बाई कोठीपाशी आल्या होत्या खऱ्या.

"बोलावलं म्हणून आले होते, पण सरांनीच परत पाठवलं," मी म्हटलं. "सर, तुम्हीच म्हणालात, जेली फाटेल, राहू दे, शाई तळाला जाईल."

 मी सरांकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं. त्यांचे डोळे माझ्यावरून कागदावर गेले, कागदावरून आपल्या बोटांवर, आणि तिथे टेकले. त्यांना कळलं. दुसऱ्या पेपरावर पहिला कसा चढला, मधल्या ओळी कुठून आल्या, सगळं कळलं. हुशार माणूस, त्याला किती वेळ लागणार? आता ते म्हणतील, साहेब, चूक माझी आहे, असं मला वाटलं. हुशार माणसाबद्दल असं वाटावं एवढी मी लहान होते.

"मी असं काही म्हणालो नाही," सर म्हणाले.

हेडमास्तरांनी निकाल दिला. हिला पेपराला बसता येणार नाही, फॉर्म जाणार नाही. मुलीची जात आहे म्हणून शाळेतून नाव काढत नाही, तेवढे उपकार. बाकीच्यांचा पेपर एक दिवस पुढे, नवा काढा. असं म्हणून ते जेवायला घरी गेले.

मी बाबांकडे वळले. "बाबा, मी चोरी नाही केली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हे पाहणं मी ओळखत होते. नाक्यावर एखादी गोंडाची बाई मोळीत सागाची फांदी दडवून पकडली गेली, की ते तिच्याकडे असं बघत. ती बाई हातवारे करून आपल्या बोलीत काहीतरी सांगत राही आणि बाबा तिचं ऐकूनही घेत नसत. मी कितीदा बाजूला उभी राहून ते पाहिलं होतं आणि मला कधी काही वाटलं नव्हतं.

"चोर कधी म्हणते काय, म्या चोरलं म्हणून?" बाबा म्हणाले.

निघायला लागलो तेव्हा सर म्हणाले, "नाकेदार, एक काम आहे. नवा पेपर आजच छापायचा आहे. ट्रे धुवायला दुसरं कुणाला जमत नाही. तेवढा धुऊन जाऊ द्या हिला."

एवढं निर्लज्ज बोलणं मी नंतरच्या आयुष्यातही फार ऐकलेलं नाही, आणि सासर करून बसलेली बाई आहे मी. पण बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तरसाहेबांनी काम सांगितलं, म्हणजे अजून तोंड बघतात, एवढंच त्यांना वाटलं असणार.

कोठीत गेलो. सरांनी फडकं काढलं. आणि ते तिथे होतं. जेलीवर, फिकं, उलटं, पण दोन्ही. पहिल्या पेपराच्या ओळी आणि त्यांच्या मधून तिरप्या गेलेल्या दुसऱ्या पेपराच्या ओळी. स्टेशन हा शब्दसुद्धा मला उलटा वाचता आला, ट्रे धुऊन धुऊन मला उलटं वाचायची सवय झाली होती. मी ओरडले, "बाबा, हे बघा! हे इथं आहे! दोन्ही पेपर आहेत!"

बाबा पुढे आले, वाकले. ते मोडी वाचायचे, बाळबोध अडखळत वाचायचे. इंग्रजी त्यांना सुलटं कळत नव्हतं, उलटं काय कळणार? त्यांना जांभळे डाग दिसले. ते सरांकडे वळले. "काय म्हणते ही, मास्तरसाहेब?"

सर ट्रेकडे बघत होते.  एक शब्द बोलले असते तर मी त्या दिवसापासून त्यांचे पाय धुतले असते. बाहेर पोरं पेपर पुढे गेला म्हणून आरडाओरडा करत होती.

"काही नाही," सर म्हणाले. "जुनी शाई आहे. वेळ चाललाय."

मी दोन्ही हात ट्रेवर आडवे ठेवले. "हेडमास्तरांना बोलवा, मग धुते."

"काऊन वो, आखीन तमाशा कराचा हाय तुले?" बाबा म्हणाले, आणि माझं मनगट धरून हात बाजूला केले. जोरात नाही. त्यांनाही कधी मारायची सवय नव्हती. "धू."

मी पुन्हा म्हटलं, "बाबा, यातच आहे सगळं. हे गेलं की गेलं."

"धू म्हणलं ना."

मी स्पंज बुडवला. पाणी कोमटही नव्हतं, कुणी तापवलं नव्हतं. एका कडेने सुरुवात केली. आधी पहिल्या पेपराच्या ओळी गेल्या, वरच्या होत्या म्हणून. मग त्या मधल्याच तेवढ्या राहिल्या, एकट्या, स्वच्छ, कुणालाही वाचता याव्या अशा. मी थांबले. सर म्हणाले, "नीट पूस, मागल्या वेळेसारखं राहायला नको." मागल्या वेळेसारखं! मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो, पण तिथे ऐकणारी मीच होते आणि बाबा होते, आणि दोघांची त्यांना भीती नव्हती. मी पुसलं. जेली काचेसारखी झाली. सरांनी ती उजेडाकडे तिरकी करून पाहिली आणि म्हणाले, छान.

त्या दिवशी मी रडले नाही, शब्द दिला होता म्हणून. पण मला सरांचा तेव्हा जो द्वेष वाटला तो आजही तेवढाच आहे, आणि म्हातारपणी माणूस क्षमा करायला शिकतो वगैरे जे म्हणतात ते मला अजून शिकता आलेलं नाही. बाबांचा द्वेष करता आला असता तर सोपं गेलं असतं. ते घरी येऊन न जेवता निजले.

बातमी गावभर झाली. नाकेदाराच्या घरात चोर निघाली, याची मजा न घेईल असं त्या पट्ट्यात कोण होतं? ज्यांच्या मोळ्या बाबांनी उतरवल्या होत्या, ती माणसं आमच्या दारावरून जाताना मुद्दाम हळू चालत. बाबा नाक्यावर मान खाली घालून बसत. कुणाची मोळी तपासायला उठले की ती बाई हसायची, असं शेजारी सांगायचे. मला त्या सगळ्यात एकच आशा होती. चोरीचा बोभाटा गोंडपिपरीपर्यंत जाईल, आणि तिकडची माणसं म्हणतील, असली सून नको. मोडेल. मोडलं की पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. मी एकासाठी देवापुढे दिवा लावत होते.

बोभाटा गेला. आठवडाभरातच मुलाची आई आणि मामा आमच्याकडे आले. मी आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसले.  पाणी झालं, सुपारी झाली. मग मुलाची आई म्हणाली, "पोरीनं शाळेत पेपर चोरला म्हणतेत. खरं हाय काय, भाऊ?"

बाबांनी सुपारीचं तबक पुन्हा पुढे सरकवल्याचा आवाज आला. माय माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझा हात धरला. 

"चोरला तं चोरला," ती बाई म्हणाली. "घरात पेट्यायले कुलपं हायेत आमच्या. मले एकच सांगा. पास तं नाई झाली ना?"

"नाई," बाबा म्हणाले, आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला. "नाई जी, पास कायची होते? पेपराले बसूच नाई देल्लं तिले."